वळणरस्त्याची सुनावणी

खोडेवाडी, १८ नोव्हेंबर १९८५

बन्सी,

आशीर्वाद. मागची पत्रं तू उघडली नसशील, पण हे उघड. तुझ्या नावाची सरकारी नोटीस आली आहे. तलाठ्यानं ती तुझ्या बंद घराच्या कवाडाला डकवली आणि दवंडी दिली. म्हणजे कायद्यानं ती तुला मिळाली.

गोष्ट अशी की, पाचोडकडून औरंगाबादला जाणारे ट्रक आपल्या वेशीत अडकतात, म्हणून गावाबाहेरून वळणरस्ता काढायचा आहे. नकाशावर त्याच्या दोन आखण्या आहेत. पहिली माझ्या मोसंबीच्या बागेतून जाते, दुसरी तुझ्या माळाच्या तुकड्यातून. रस्ता कुठूनही गेला तरी आपल्याच बापाच्या जमिनीतून जाणार, वाटा कुणाचा तेवढं ठरायचं आहे. ते ठरवायच्या आधी सरकार सगळ्यांच्या हरकती ऐकणार आहे. सुनावणी आपल्या शाळेतच आहे, पुढच्या महिन्यात.

खरं सांगायचं तर मला बागेची काळजी वाटते. आठ वर्षं पाणी घालून उभी केली आहे. पण त्याहून जास्त मला कुतूहल वाटतं आहे. सरकारला जमीन घ्यायचीच असेल तर ते विचारतं कशाला? आणि विचारायचंच असेल तर नकाशा आधी कसा छापला? मोजणीवाल्याला विचारलं तर हसून म्हणाला, "काका, दोन्ही खरंय." यावर मी बरेच दिवस विचार करतो आहे.

मोजणीवाल्यांनी गेल्या संक्रांतीच्या सुमारास आपल्या सामाईक बांधावर, लिंबाखाली, चुना लावलेला एक दगड रोवला होता. त्या दगडाचं पुढं काय झालं ते सांगण्यासारखं आहे. म्हाळसाबाई तुला आठवत असेल, बिरूची आई. तिची मेंढरं दर साली आपल्या शेतात बसतात. गेल्या हिवाळ्यात तिच्या मेंढ्या गाभडत होत्या, पोटातली कोकरं पडत होती. नवा दगड दिसला, तिनं त्याला शेंदूर लावला, नवस बोलली. पुढची कोकरं धडधाकट झाली. मग गावातल्या बायका जाऊ लागल्या. आता तिथं पत्र्याचं छप्पर आहे, झेंडा आहे, मंगळवारी नारळ फुटतात. म्हसोबा म्हणतात त्याला. सकाळी पाण्याला जाताना मीही हात जोडतो.

तारखेला ये. तुझ्या जमिनीबद्दल तूच बोललेलं बरं.

बद्रीनाथ


२२ डिसेंबर १९८५

बन्सी,

तू आला नाहीस. पहिली तारीख झाली.

सुनावणी एका दिवसात उरकेल असं काकासाहेब म्हणत होते. सरपंच म्हणून त्यांनी वांग्याची भाजी, बाजरीच्या भाकरी, सगळी व्यवस्था एका जेवणाची केली होती. एका दिवसात कसलं? पहिल्या दिवशी तिघांचंच बोलणं झालं.

अधिकारी कुरेशी साहेब म्हणून आहेत. निवृत्तीला आलेले, जाड भिंगांचा चष्मा, आवाज अगदी हळू. मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. काकासाहेब उठले आणि म्हणाले, "साहेब, सगळ्या गावाच्या वतीनं मीच सांगतो, म्हणजे तुमचा टाइम वाचंल."

साहेब म्हणाले, "माझ्याकडं टाइम लई आहे, सरपंच. सरकार त्याचाच पगार देतं. ज्याची जमीन त्यानं बोलायचं. एक जण बोलेल तोवर दुसऱ्यानं बोलायचं नाही. त्याचं संपलं की मी विचारीन, संपलं का. तो व्हय म्हणाला की मगच पुढचा."

पहिला रामकिसन उभा राहिला. त्यानं रस्त्याचं सोडून शेजारच्या शेळीचं काढलं. शेळी त्याची तूर खाते, बांध कोरलेला आहे, शेजारी म्हणजे त्याचा सासराच, तो ऐकत नाही. लोक हसायला लागले. कुणी तरी ओरडलं, "आरं, रस्त्यावर बोल!" साहेबांनी नुसता हात वर केला. रामकिसन बोलत राहिला. कारकून लिहीत राहिला. बऱ्याच वेळानं रामकिसन म्हणाला, "म्हणून म्हणतो साहेब, रस्ता झाला तर माझं शेत पलीकडं जाईल आणि शेळी अलीकडं राहील. माझी हरकत नाय." साहेबांनी विचारलं, "संपलं का?" तो म्हणाला, "व्हय." आणि खाली बसला. त्याच्या तोंडावर मी इतकं समाधान कधी पाहिलं नव्हतं.

कारकून लिहितो तेव्हा माणूस बदलतो, हेही पाहिलं. रामकिसन म्हणाला "माझी तूर", तर कागदावर आलं "सदर इसमाचे म्हणणे असे की". वाचून दाखवलं तेव्हा रामकिसन मागं वळून पाहत होता, हा सदर इसम कोण म्हणून.

मधल्या सुट्टीत साहेब नमाजाआधी हौदाशी वजू करायला, हातपाय धुवायला गेले. मी पाणी ओतून दिलं. माझं शिक्षण त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पोलीस ॲक्शनपर्यंत, निजामाच्या राजवटीत, उर्दूत शिकलो, मग मराठीत पहिल्यापासून. ते हसले. म्हणाले, "माझंही तेच. एकाच आयुष्यात दोनदा पहिलीत बसलेले आपण." तू या शाळेत बसायला लागलास तेव्हा उर्दू संपलेलं होतं, तुला हे कळणार नाही.

तुझं नाव पुकारलं. तीन वेळा पुकारतात. मी मान खाली घातली होती. साहेबांनी विचारलं, "कोणी नातलग?" काकासाहेब म्हणाले, "तो औरंगाबादेत गारखेड्यात राहतो साहेब, त्याला काय पडलेली नाय." साहेबांनी कारकुनाला सांगितलं, "गैरहजर एवढंच लिहा. पडलेली नाही, असं तो म्हणालेला नाही."

पुढची तारीख जानेवारीत आहे.

बद्रीनाथ


९ जानेवारी १९८६

बन्सी,

मंगळवारी मी गारखेड्याला आलो होतो, ते तुला ठाऊक आहेच. आशाबाईनं चहा दिला, तू ड्यूटीवर गेलास म्हणाली. तिला दोष देऊ नकोस. दारातल्या चपला मी ओळखल्या. टाच एका बाजूनं झिजते ती लहानपणापासूनच. मी मुद्दाम जरा मोठ्यानं बोललो, म्हणजे आतल्या खोलीत ऐकू जावं. किती ऐकू आलं कुणास ठाऊक, म्हणून पुन्हा लिहितो.

काकासाहेबांनी बेत केला आहे. परवा ओसरीवर बोलावलं. म्हणाले, "बद्री, तुझी बाग वाचायची एकच वाट हाय. म्हसोबा. पहिली आखणी बरोबर त्याच्यावरून जाती. देवस्थान निजामाच्या आधीचं हाय असं तू सांग. तू माळकरी माणूस, तू कधी खोटं बोलत नाय, हे साहेबाला बी कळलंय. तू सांगितलं की रस्ता दुसऱ्या आखणीनं जाईल."

मी म्हणालो, "दुसरी आखणी बन्सीच्या तुकड्यातून जाते."

"मग? पडीक माळ तो. त्याला मोबदला मिळंल. तुझी मोसंबी उभी हाय, विहीर हाय. कुठला तोटा मोठा ते तूच सांग."

हिशेबानं त्यांचं बरोबर आहे. तुझी वहिनीही तेच म्हणते. म्हणते, "देवासाठी खोटं बोललं तर देव रागवंल व्हय? त्याचं पण छप्पर वाचंल की." 

मला एक वेगळीच गोष्ट टोचते आहे. दगड एक वर्षाचा आहे, हे मला ठाऊक आहे. मी तो रोवताना पाहिला, मोजणीवाल्याला पहार मीच दिली. तरीही सकाळी हात जोडताना माझं मन खोटं नसतं. मग मी कशाला हात जोडतो? बायांचे नवस फळले, ते कुणी फळवले? दगड नवा म्हणजे देवही नवा, असं असतं का? हे कुणाला विचारावं तेही कळत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "दादा, तू कशाचाही विचार करत बसतोस." तेवढं तरी कुणी म्हणायला हवं होतं.

बद्रीनाथ


२७ जानेवारी १९८६

बन्सी,

माझा जबाब झाला. तुझ्याविषयीही बोललो, म्हणून ते सगळं तुला कळवणं माझं काम आहे.

शाळा भरून गेली होती. खिडक्यांत माणसं. साहेबांनी विचारलं, "बांधावर जे देवस्थान आहे ते कधीपासूनचं?"

काकासाहेब पहिल्या रांगेत. डोळ्यानं खुणावत होते.

मी म्हणालो, "दगड तुमच्या माणसांनी रोवला, साहेब. गेल्या सालच्या संक्रांतीला. देव त्यात कधी आला ते मला सांगता येत नाही. पण आता आहे."

 मग मागून कुणी तरी म्हणालं, "गेली बाग." आणि हशा पिकला. साहेब हसले नाहीत. कारकुनाला म्हणाले, "जसंच्या तसं लिहा. 'पण आता आहे' हेसुद्धा लिहा."

मग त्यांनी दुसऱ्या आखणीबद्दल विचारलं. तुझं नाव पुन्हा पुकारलं. तू नव्हतास. मी म्हणालो, "त्याच्या वतीनं मी बोललो तर चालेल का?" ते म्हणाले, "मुखत्यारपत्र आहे?" मी म्हणालो, "नाही. पण त्याला काय म्हणायचंय ते मला पाठ आहे."

आणि बन्सी, ते खरंच पाठ होतं. कुठून आलं ठाऊक नाही. मी सांगितलं, वाटणीला चिठ्ठ्या टाकल्या, मला विहिरीची बाजू आली, भावाला माळाची. चिठ्ठी न्यायानं टाकली, पण दोन वाटे सारखे नव्हते, हे त्याचं म्हणणं होतं. त्या माळावरचे दगड त्यानं लग्नाआधी एकट्यानं वेचले, त्यांचीच दगडी ताल बांधाला घातली, पहिला कापूस काढला. पाण्याचा वाटा त्याला आला नाही. आता रस्ताही त्यानंच द्यायचा, तर त्याच्याकडं बापाचं राहिलं काय? जमीन पडीक आहे म्हणून ती कमी त्याची होत नाही.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "ही हरकत तुमची की भावाची?"

"भावाची."

"आणि तुमची स्वतःची?"

"माझी मोसंबी जाऊ नये असं मला वाटतं, साहेब. लई वाटतं. दोन्ही लिहा."

काकासाहेबांना राहवलं नाही. "बद्री, तुझं डोकं फिरलं काय? एका तोंडानं दोन्हीकडून भांडतो?"

साहेबांनी हात वर केला. मग माझ्याकडं पाहून विचारलं, "संपलं का?"

 मी व्हय म्हणालो.

बाहेर आलो तर लोक माझ्याशी बोलेनात. रामकिसन तेवढा म्हणाला, "काका, माझ्या शेळीपरीस तुमचं लांबलं." घरी तुझी वहिनी दोन दिवस माझ्या ताटात भाकरी ठेवते, पण वाढताना बोलत नाही. तिचं चुकत नाही. बागेला पाणी तिनंही घातलं आहे.

बद्रीनाथ


२ मार्च १९८६

बन्सी,

काल साहेब जागा पाहायला आले. हा भाग तुला आवडेल.

मेंढरं तेव्हा माझ्याच शेतात बसली होती. काकासाहेबांनी बेत सोडला नव्हता. गावातल्या बायका, आरतीचं ताट, टाळ, सगळं म्हसोबापुढं उभं केलं होतं. म्हणाले, "साहेब, वर्षाचा असो नाहीतर शंभर वर्षांचा, लोकांच्या भावनेचा प्रश्न हाय. देव हलवला तर गाव पेटंल."

साहेबांनी विचारलं, "पहिला शेंदूर कुणी लावला?"

म्हाळसाबाई मेंढरांमागून पुढं आली. काठी, डोक्यावर पदर, तोंडात तंबाखू. "म्या लावला. का वो?"

"हा देव इथून हलवता येईल का, आजी?"

"हलवायचं काय त्याच्यात? त्यो म्हसोबा हाय. आमच्यासंगं पाचोडच्या बाजारापतूर येतो, वेरूळच्या माळाला येतो. बसून राहायला त्यो काय सरपंच हाय?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. काकासाहेब म्हणाले, "म्हातारे, गप बस. तुला काय कळतंय?"

"मला मेंढरं कळत्यात, बाबा. देव बी तसाच हाय. हाक मारली की येतो."

आणि तिनं तिथंच ते केलं. वाकली, दगडावरचा थोडा शेंदूर नखानं खरवडला, बुडाची चिमूटभर माती घेतली, फडक्यात बांधली, कमरेला खोचली. दगडाला म्हणाली, "चल बाबा." झालं. आमच्या गावानं वर्षभर पूजलेला देव तिच्या कमरेला जाऊन बसला. ही धनगरांची रीत आहे. त्यांचे देव असेच गाठोड्यातून फिरतात. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपण जमिनीची माणसं. देवाला छप्पर घातलं की तो आता इथलाच, असं आपण धरून चालतो.

साहेबांनी तिच्या कमरेच्या गाठीकडं पाहिलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी टोपी सारखी केली.

आज सकाळी पाण्याला जाताना मी सवयीनं लिंबाखाली थांबलो. हात जोडले आणि मग आठवलं. दगड होता, मोजणीचा. हात मात्र मी लगेच सोडले नाहीत.

बद्रीनाथ


१४ सप्टेंबर १९८६

बन्सी,

निकाल लागला. रस्ता पहिल्या आखणीनं जाणार. माझ्या बागेतून.

वर्ष होत आलं. या वर्षात आठ-नऊ तारखा झाल्या, दोन वेळा पाऊस आला म्हणून, एकदा साहेबांची तब्येत बरी नव्हती म्हणून पुढं गेल्या. लोकांना मग सवयच झाली होती. तारीख असली की माणसं आंघोळ करून, टोपी घालून शाळेत यायची. ज्यांची जमीन जात नव्हती तेही यायचे. चतुराबाई, जी नवऱ्यापुढं कधी चार शब्द बोलली नाही, तिनं उभं राहून सांगितलं की शाळेला जाणाऱ्या पोरींना ट्रकांची भीती वाटते, रस्ता बाहेरून झालाच पाहिजे. नवरा आ वासून बघत होता. हे आपल्या गावात आधी कुणाला ठाऊक होतं?

निकालाची नक्कल मी तालुक्याहून आणली. माझा जबाब त्यात आहे, "पण आता आहे" हेही आहे. तुझी हरकतही आहे. पण कारण शेवटी वेगळंच दिलं आहे: दुसऱ्या आखणीत ओढा दोनदा ओलांडावा लागतो, पूल महाग पडतो. म्हणजे मी खोटं बोललो असतो तरी रस्ता इथूनच गेला असता, आणि खरं बोललो म्हणूनही तो इथून गेला नाही. मग आम्ही वर्षभर बोललो ते कशासाठी?

हे मी साहेबांना विचारलं. त्यांची शेवटची फेरी होती, या महिन्यात ते निवृत्त होतात. ते म्हणाले, "बद्रीनाथजी, मी तीस वर्षं सुनावण्या घेतल्या. आखणी बदललेली फार थोड्या वेळा पाहिली. पण ज्याचं ऐकून घेतलं तो माणूस मोजणीवाल्यावर दगड घेऊन धावत नाही, आणि रात्री झोपतो. एवढंच मला कळलं. पुरेसं आहे का ते मला ठाऊक नाही." मला तरी त्यांचा प्रामाणिकपणा आवडला.

आता तुझ्याशी माझं काम आहे. विहीर वाचली. बागेचा मधला पट्टा जातो आणि उरलेल्यांतली निम्मी झाडं रस्त्याच्या पलीकडं, तुझ्या तुकड्याला लागून राहतात. भराव उंच येणार आहे. पलीकडं जायला नकाशात भरावाखालून एकच मोरी ठेवली आहे आणि ती तुझ्या बांधाच्या कोपऱ्यात उघडते. म्हणजे तुझ्या शेतातून वाट मिळाली तरच मला माझ्या झाडांपर्यंत पाणी नेता येईल. नाहीतर ती उन्हाळ्यात वाळतील.

मला तुझ्याकडून वाट हवी आहे. मी ती हक्कानं मागत नाही. वाटणी काकासाहेबांच्या ओसरीवर झाली तेव्हा जेवणं खोळंबली होती म्हणून पंचांनी तुझं बोलणं अर्ध्यात तोडून तुला खाली बसवलं. त्यानंतर तुझं उरलेलं म्हणणं कुणी विचारलं नाही. ते आधी सांग, वाटेचं नंतर बघू. नाही म्हणालास तरी मी ऐकेन. पण पत्रातून नको. ये.

बद्रीनाथ


७ डिसेंबर १९८६

बन्सी,

तू सुखरूप पोहोचलास हे आशाबाईनं शेजाऱ्यांच्या पोराबरोबर कळवलं. बरं वाटलं. शेवटची बस भरलेली असते.

तू गेल्यावर तुझ्या वहिनीनं विचारलं, "काय म्हणाले भावजी?" मी म्हणालो, "सगळं म्हणाला." ती म्हणाली, "ते ऐकलं मी चुलीपाशी. भिंतीला भोकं पडायची बाकी होती." पण ती रागावलेली नव्हती. तुझ्यासाठी केलेल्या धपाट्यांतले दोन उरले होते, ते तिनं झाकून ठेवले, तू गेलास हे ठाऊक असून.

तू सकाळी सुरू केलंस आणि उन्हं कलली तरी बोलत होतास. चिठ्ठ्यांचं बोललास, आईच्या आजारपणाचं बोललास, मी औत आधी कुणाकडं पाठवलं त्याचं बोललास, ते मला आठवतही नव्हतं. काही गोष्टी चुकीच्या होत्या. दोन ठिकाणी मला लई बोलावंसं वाटलं, तोंड उघडलंही. पण हात आपोआप गुडघ्यावर दाबून धरले. एकदा तू मला "सरकारी दादा" म्हणालास, तेव्हा मला हसू आलं आणि तुलाही आलं, मग तू आणखी रागावलास.

नंतर आपण मोरीच्या जागेपर्यंत चालत गेलो. तू बांधावर चढून पलीकडची झाडं पाहिलीस, मोसंबीच्या बुंध्यावर डिंक आला आहे, चुना लावायला पाहिजे म्हणालास. तेवढ्यात बस दिसली आणि तू पळालास.

बस गेल्यावर मी तिथंच उभा राहिलो. मग लक्षात आलं की एक गोष्ट राहूनच गेली. मी तुला विचारलं नाही, संपलं का म्हणून. आणि तूही वाटेचं हो किंवा नाही, काहीच बोलला नाहीस.

म्हणजे सुनावणी पुरी झालेली नाही. पुढची तारीख तू दे. झाडांना अजून ओल आहे, घाई नाही. चुना मात्र मी आणून ठेवला आहे.

तुझा दादा